अल्बम फोडू नका, अण्णा

जुना फोटो हातात आला की मी आधी तो उलटा करते. समोरच्या बाजूला जमीनदार असो, नवरा-नवरी असोत की खुर्चीत बसवलेलं तान्हं मूल, त्यांच्याकडे मागाहून निवांत बघता येतं. पाठीवर मात्र फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, आणि जगाला त्याचाच विसर सगळ्यात आधी पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टुडिओतून जे कॅबिनेट कार्ड मिळायचं, साधारण सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच, त्याच्या जाड पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव, रस्ता, कधी मिळालेली पदकं, कधी वेलबुट्टीत गुंफलेली आद्याक्षरं छापलेली असत. वीले आणि क्लाइन, निकोलस अशा मद्रासच्या बड्या युरोपीय स्टुडिओंची नावं संग्राहकांना पाठ असतात. मला ओढ आहे ती त्यांच्या मागे राहिलेल्यांची: कुंभकोणम, तंजावर, तिरुचिरापल्ली अशा गावांत एका खोलीत रंगवलेला पडदा टांगून धंदा करणाऱ्यांची. आणि तो पडदा ज्यानं रंगवला, त्या चित्रकाराची तर त्याहून जास्त. संगमरवरी कठडा, मागे तळं, तळ्यापलीकडे विलायती झाडं, हे सगळं कापडावर उभं करणाऱ्या त्या माणसाचं नाव पुठ्ठ्यावरही नसतं.

नोकरीसाठी पुण्याहून चेन्नईला आले तेव्हा जुन्या पुस्तकांचं विचारलं की प्रत्येक जण आधी मूर मार्केटचं नाव घ्यायचा, आणि लगेच सांगायचा की ते आता नाही. सेंट्रल स्टेशनला लागून असलेली ती लाल इमारत १९०० मध्ये उघडली, नगरपालिकेचे अध्यक्ष सर जॉर्ज मूर यांच्या नावानं. जुनी पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या, नाणी, पाळीव पक्षी असं सगळं तिथे मिळे. मे १९८५ मध्ये ती जळाली. आज त्या जागेवर उपनगरी गाड्यांचं स्थानक आहे आणि त्याच्या नावात तेवढं मूर मार्केट उरलं आहे. पुस्तकवाले जवळच्या अल्लिकुळमच्या संकुलात गेले. तिथल्या गाळ्यांत आता कॉलेजची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकंच जास्त, पण वरच्या फळीवर, मागच्या गठ्ठ्यात जुनं काही ना काही सापडतं. शिवाय तिरुवल्लिकेणीचा पायक्रॉफ्ट्स रोड आहे (आता भारती सालै), मैलापूरला लझच्या कोपऱ्यावरचा फुटपाथ आहे, आणि पोंगलच्या सुमारास भरणाऱ्या पुस्तकमेळ्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला जुन्या पुस्तकवाल्यांची रांग असते. मेळ्याच्या आत जाण्याआधी माझा बराच वेळ त्या रांगेतच जातो.

तमिळ घरांतली एक रीत मला इथे आल्यावर कळली आणि तिनं मला बांधूनच ठेवलं. साप्ताहिकात येणाऱ्या क्रमशः कादंबरीची पानं दर आठवड्याला काढून ठेवायची, कादंबरी संपली की ती बाइंडरकडे द्यायची आणि घरचं पुस्तक तयार करायचं. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५० ते १९५४ या काळात ‘कल्की’ साप्ताहिकात आली, ती मणियम यांच्या चित्रांसह. छापील पुस्तक विकत मिळत असूनही अनेक घरांनी हे घरगुती बाइंड जपले, कारण त्यांत ती चित्रं होती, त्याच आठवड्यातल्या जाहिराती होत्या, पानाच्या कडेला आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलेली तारीख होती. ‘आनंद विकटन’मध्ये शिल्पी या नावानं चित्रं काढणारे कलावंत देवळांतल्या मूर्ती आठवड्यामागून आठवडे रेखाटत होते, एकेका दागिन्याची कडी न् कडी त्या रेषेत मोजता येते. गोपुलु मूळचे तंजावरचे. ते विकटनमध्ये काढत ती माणसं आजही तमिळ माणसाला शेजारची वाटतात.

आपल्याकडे दलाल आणि मुळगावकर या चित्रकारांची नावं घराघरांत गेली. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी आणि चित्रांचं मुखपृष्ठ हे नातं आपण गृहीत धरतो. तमिळमध्येही ‘दीपावली मलर’ निघतात, तसेच जाडजूड, तसेच रंगीत. तरीही मणियम, शिल्पी, गोपुलु ही नावं बहुतेक मराठी वाचकांनी ऐकलेलीसुद्धा नसतात. आणि हे तर तमिळमधले नामवंत. त्याच बाइंडमध्ये प्रकरणाच्या शेवटी एवढीशी पणती किंवा मोर काढणारे, पावडरच्या डब्याच्या जाहिरातीत बाईचा चेहरा काढणारे कितीतरी हात आहेत. कोपऱ्यात कधी दोन अक्षरं सापडतात. मी ती वहीत टिपते, साप्ताहिकाचं नाव आणि तारीख लिहिते. पुढे दुसऱ्या गठ्ठ्यात तीच दोन अक्षरं पुन्हा भेटतात तेव्हा त्या माणसाचं आयुष्य थोडं लांबल्यासारखं वाटतं मला.

म्हणूनच बाइंड फोडून चित्रांची पानं सुटी विकलेली पाहिली की जीव तुटतो. चौकटीत घातलेलं चित्र सुंदर दिसतं, यात शंका नाही. पण ते कोणत्या प्रसंगाचं, कोणत्या आठवड्याचं, शेजारच्या पानावर काय होतं, हे सगळं गेलेलं असतं. फोटोंच्या अल्बमचं तर याहून वाईट होतं.

असाच एक अल्बम मला रविवारच्या बाजारात एका पुस्तकवाल्याकडे दिसला. काळ्या जाड पानांचा, पाठ उसवलेला. पुस्तकवाला कोपऱ्यांतून फोटो सोडवायच्या बेतात होता. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी म्हटलं, “अण्णा, अल्बम फोडू नका. अख्खा द्या.”

“अम्मा, अख्ख्याला गिऱ्हाईक नाही,” तो म्हणाला. “सुटे जातात. सिनेमावाले नेतात, हॉटेलवाले भिंतीला लावायला नेतात. हा सैन्याच्या कपड्यातला बघा, हा एकटाच किती देऊन जाईल.”

त्याचं चुकत नव्हतं. पोट त्यावर आहे. मी प्रत्येक फोटोचा सुटा भाव विचारला, सगळ्यांची बेरीज केली आणि त्याहून थोडं कमी सांगितलं. बराच वेळ घासाघीस झाली. अखेर त्यानं अल्बम वर्तमानपत्रात गुंडाळला आणि उसवलेल्या पाठीला सुतळी बांधून दिली, हळुवार हातानं.

घरी येऊन पाहिलं तर पहिल्याच पानावर नऊवारीतली एक बाई. तमिळ ब्राह्मण घरांतही नऊ वारांचं मडिसार नेसतात, पण ही नेसण वेगळी होती, कासोटा आपल्याकडचा. फोटोखाली पांढऱ्या शाईत देवनागरीत लिहिलं होतं: आईसाहेब. मी कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते.

तंजावरचं मराठी राज्य व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत टिकलं. राज्य गेलं तरी माणसं राहिली आणि त्यांतली अनेक कुटुंबं पुढे मद्रासला आली. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर अशा एका कुटुंबातल्या आजी राहतात. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनी आहे, तमिळच्या हेलानं जाणारी. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. शाळा तमिळमध्ये झाली, घरात मराठी बोलली गेली, आणि घरचे हिशेब, पाककृती, पत्रं तमिळ लिपीत लिहिली गेली. मला तमिळ बोलता येतं थोडंफार, वाचायला लागले की अक्षरं अडखळतात. अल्बम घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

सुरुवातीच्या पानांवर देवनागरी होती, ती मी मोठ्यानं वाचली. मधल्या पानांवर अक्षर बदललं, इंग्रजी आलं: साल, गाव, बदलीचं ठिकाण. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तमिळ लिपी आली. ती आजींनी वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला थांबून माझ्याकडे बघून हसल्या. लिपी तमिळ होती, भाषा मराठीच होती. काका, धाकटी वहिनी, बारशाचा दिवस. मी जे पुसून गेलं असं धरून चालले होते, ते लिपी बदलून पानापानांवर चालू होतं. हे त्यातल्या कोणत्याही सुट्या फोटोत दिसलं नसतं. पानं त्याच क्रमानं राहिली म्हणून दिसलं. आजींनी दागिने ओळखले, पाटावर मांडलेलं सामान ओळखलं, एका फोटोतल्या मुंजीच्या मुलाच्या डोक्यावरच्या पगडीवरून त्या घराच्या चालीरीतींचा अंदाज बांधला. त्या दुपारी मला जे शिकायला मिळालं ते कुठल्याही पुस्तकातून मिळालं नसतं.

याच अल्बममध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात काढलेला एक फोटो आहे, फिकट झालेला, कुणा हौशी माणसानं काढलेला. त्याच देवळात लिनियस ट्राइप या मद्रास सरकारच्या छायाचित्रकारानं १८५८ मध्ये विमानाच्या पायथ्याभोवतीचे तमिळ शिलालेख टिपले होते. एकवीस फोटो एकमेकांना जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीची पट्टी केली होती. आवाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे, तो आपल्याला ठाऊक असतो. ट्राइपचं नावही आता जगभरच्या संग्रहालयांत घेतलं जातं. तेव्हा मात्र मद्रासचे नवे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांना फोटोंचा हा खर्च चैनीचा वाटला आणि ट्राइपचं खातं बंद झालं. पण त्याच्याबरोबर काम केलेल्या अय्यास्वामी नावाच्या छायाचित्रकाराबद्दल किती जण बोलतात? अलेक्झांडर हंटर या डॉक्टरनं १८५० मध्ये काढलेल्या मद्रासच्या कलाशाळेशी अय्यास्वामींचं नाव जोडलेलं आहे. अशी नावं तळटिपांतून वर यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

या शहरात कागद टिकवणं सोपं नाही. समुद्राची दमट हवा, कसर, वाळवी, आणि उन्हाळ्यात पुठ्ठ्याची कमान होणं. मी फोटो काळ्या पानावरून कधी उपटत नाही, सेलोटेप कशालाच लावत नाही, जे लिहायचं ते वेगळ्या कागदावर आणि पेन्सिलीनं. पानांमध्ये आम्ल नसलेला पातळ कागद घालते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे जुने अल्ब्युमिन फोटो उजेडात झपाट्यानं पिवळे पडतात, त्यामुळे भिंतीवर लावायची ती प्रत, मूळ फोटो पेटीत.

डिसेंबर २०१५ च्या पुरात अड्यार नदीचं पाणी घराघरांत शिरलं. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्या, कपाटं आणि त्यांच्यावर टाकलेले अल्बम होते. लोकांना वाटत होतं, चिकटले म्हणजे गेले. ओळखीच्या घरांतले काही गठ्ठे आम्ही मैत्रिणींनी मिळून स्वच्छ गार पाण्याच्या घमेल्यात ठेवले, कारण चिकटलेले फोटो तसेच वाळले तर मग ते सुटतच नाहीत. पाण्यातच एकेक अलगद वेगळा केला आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवला. सगळे वाचले नाहीत. लग्नाचा एक गट-फोटो वाचला, त्यात त्या घरातल्या पणजीचा एकमेव चेहरा होता.

इतकं सगळं करताना मला बळ मिळतं ते रोजा मुत्तैया चेट्टियार यांच्याकडून. चेट्टिनाडमधल्या कोट्टैयूरचा हा माणूस पाट्या रंगवणारा कलावंत होता. पुस्तकं, मासिकं तर त्यांनी जमवलीच, पण नाटकांच्या जाहिराती, हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, ज्यांना इतर लोक रद्दी म्हणत, तेही जमवलं. सुमारे एक लाख वस्तू. १९९२ मध्ये ते गेले, १९९४ मध्ये शिकागो विद्यापीठानं संग्रह विकत घेतला, आणि फार मोलाची गोष्ट अशी की तो परदेशी न नेता चेन्नईतच ग्रंथालय उभं केलं. आज ते तरमणीला आहे. तिथे बसून जुन्या तमिळ नाटकांची पत्रकं पाहताना मी पुन्हा पुन्हा खालची ओळ शोधते: कोणत्या छापखान्यात छापलं, ठसा कुणी कोरला. संग्रह करणारा स्वतः हातानं अक्षरं रंगवणारा होता, म्हणूनच त्याला या कागदांची किंमत कळली असावी.

आईसाहेबांच्या अल्बमचं आता स्कॅनिंग चालू आहे, पान जसं आहे तसं, कोरी पानंसुद्धा. आजींची एक अट आहे: त्यांनी वाचलेली तमिळ लिपीतली मराठी मी देवनागरीत उतरवायची आणि मी वाचलेली देवनागरी त्या तमिळ लिपीत लिहून घेणार, म्हणजे त्यांच्या नातवंडांना वाचता येईल. काम संथ चालतं, कारण दर पानाला त्यांना एखादी आत्या आठवते.

चौथ्या पानावरच्या कॅबिनेट कार्डाच्या मागे एक शिक्का आहे. मद्रासचा पत्ता, तमिळ नाव, ज्याचा उल्लेख मला आजवर कोणत्याही पुस्तकात भेटलेला नाही. मद्रासच्या असायलम प्रेसची जुनी वार्षिक डिरेक्टरी जिथे जिथे बघायला मिळते तिथे मी छायाचित्रकारांची यादी आणि त्या रस्त्यावरची घरं वाचते. एका खंडात तो छायाचित्रकार सापडला, रस्त्यासकट. त्याच्या पुढच्या वर्षी त्या घरात शिंपी आहे. मागची वर्षं अजून बघायची आहेत.