हॉर्न दिला होता की, काका!

खोबऱ्याचा तो तुकडा मी घेतला, हेच अजून सलतं. पडल्याचं काही नाही. गुडघ्याची खपली पंधरा दिवसांत निघाली.

मी लालबागचा. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यापर्यंत सायकल खांद्यावरून नेणारा आता मी एकटाच. महिन्यातून एका रविवारी पहाटे साडेतीनला भारतमाता सिनेमापासून निघायचं. दादर टीटी, सायन, वाशीचा पूल, पनवेल, आणि ऊन चढायच्या आत खोपोली. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी, म्हणून जुना रस्ता. चहा घ्यायचा आणि बोरघाटाला भिडायचं. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ इथेच ठरायचा. मी राजा नव्हे, घाटातला हमाल.

त्या दिवशी शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं खाली, डावीकडच्या वळणावर होतो. डांबराची कड तुटलेली, खाली चार बोटं उतार आणि मग सुटी खडी. म्हणून मी कडेपासून हातभर आत चालवत होतो. लोक सांगतात, ‘एकदम कडेने चालव.’ अजिबात ऐकू नका. कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, जागा आहे, काढू गाडी. हातभर आत राहिलात तर त्याला निदान विचार करावा लागतो.

त्या दिवशीच्या गाडीवाल्याने केला नाही. मागून हॉर्न. मी हाताने ‘थांबा’ अशी खूण केली, कारण पुढचं वळण मलाही दिसत नव्हतं. परत हॉर्न, या वेळी लांब. मग गाडी बाजूला आली. पुढचं चाक व्यवस्थित लांबून गेलं, हे मी मान्य करतो. पण वळणावर मागचं चाक पुढच्याच्या वाटेने जात नाही, ते आत कापतं. लालबागच्या गल्लीत टेम्पो वळवणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. मागचा दरवाजा माझ्या कोपराकडे सरकत सरकत आला. तेवढ्यात एका लहान मुलीचा काचेला लावलेला चेहरा दिसला. ती हसत होती. पुढचं चाक डांबरावरून उतरलं आणि मी खडीत.

गंमत म्हणजे घरचे घाबरतात ट्रकला. माझा अनुभव उलटा. भरलेला ट्रक चढावर माझ्याच वेगाने रांगतो, क्लीनर दारातून हात हलवून पुढे जायला सांगतो. तरुणपणी ट्रकची साखळी धरून मीही घाट चढलोय. तुम्ही धरू नका, मूर्खपणा आहे. उतारावर मात्र कड सोडून सरळ लेनच्या मधोमध या. वेग गाड्यांइतकाच असतो, आणि मागच्याला तुम्ही दिसलेच पाहिजेत. ब्रेक दाबून धरू नका, दाबा-सोडा करा, नाहीतर रिम तापते. घाटात पाट्या असतात, ‘चढणाऱ्या वाहनास प्राधान्य द्या’. सायकल वाहन आहे की नाही, एवढंच ठरायचं बाकी आहे.

हँडल वाकडं झालं होतं. ते सरळ करून सायकल ढकलत देवळापाशी आलो, तर तीच गाडी उभी! शिंग्रोबा म्हणजे इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं, म्हणून त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर अजून तिथे नाणी टाकतात. या माणसाने नारळ फोडला होता.

पडल्यापासून देवळापर्यंत मी एकेक शब्द जुळवत आलो होतो. परळच्या नाक्यावर शिकलेलेही त्यात बरेच होते. तो माझा गुडघा बघून म्हणाला, “अरे, पडलात का? मी हॉर्न दिला होता की, काका!” खरंच काळजीने म्हणाला. हॉर्न दिला म्हणजे पुढचं सगळं माझं, असा त्याचा प्रामाणिक समज.

आणि मी काय म्हणालो? “हो, ऐकला.”

मुलीने खोबरं पुढे केलं. मी घेतलं. गोड होतं. गाडी निघाली, जाताना त्याने पुन्हा हॉर्न दिला, निरोपाचा. मी हात वर केला.