घरी परतलेला प्रवासी

इब्न बतूता हे नाव मला 'इश्किया' (२०१०) मधल्या गाण्यामुळे माहीत होतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या इतिहासात मार्को पोलो होता, हा नव्हता. सबमिशनच्या आठवड्यात अभ्यास सोडून बाकी सगळं वाचावंसं वाटतं, तेव्हा लायब्ररीत त्याचं प्रवासवर्णन हाती लागलं.

१३०४ साली मोरोक्कोतल्या टँजिअरला जन्मलेला हा पठ्ठ्या १३२५ मध्ये एकटाच हजला निघाला. वय २१. म्हणजे आपल्यातलाच की! ट्युनिसला पोचल्यावर गावकरी काफिल्यातल्या लोकांच्या स्वागताला आले. याला मात्र कुणी विचारलं नाही. तो चक्क रडला. मग एका यात्रेकरूने जवळ येऊन त्याची समजूत काढली. मला हॉस्टेलची पहिली रात्र आठवली. माझा यात्रेकरू शेजारच्या कॉटवर होता. काही न विचारता त्याने लाडवांचा डबा पुढे सरकवला होता.

पुढे मात्र गडी थांबलाच नाही. मक्का, आफ्रिकेचा पूर्व किनारा, मग दिल्ली. मुहम्मद तुघलकाने त्याला काझी केलं आणि पुढे चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. त्या वाटेवर तो आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. तिथल्या किल्ल्याबद्दल आणि मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. कालिकतला वादळात जहाज फुटलं, तर मालदीवला जाऊन पुन्हा काझी झाला!

इथवर मी नुसता थक्क होत होतो. मग १३४८ साल आलं. दमास्कसमध्ये त्याला कळलं, की वडील जाऊन १५ वर्षं झाली. पुढच्या वर्षी तो मोरोक्कोत परतला. घर जवळ आलं असताना बातमी मिळाली, की आई प्लेगने गेली. चोवीस वर्षांनी तो टँजिअरला पोचला, तो तिच्या कबरीपाशी.

पुस्तक मिटलं. आई रोज रात्री नऊला फोन करते, "जेवलास का?" मी वैतागून "हो गं" म्हणतो आणि ठेवतो. या मे महिन्यात इंटर्नशिप आहे, घरी येणार नाही, असं मागच्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. ती फक्त "बरं" म्हणाली होती.

त्या रात्री मीच आधी फोन लावला. म्हटलं, "आई, इंटर्नशिपच्या आधी चार दिवस येतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग काळजीचा आवाज : "पैसे संपले का रे?"