डिस्प्ले आला म्हणजे झालं?

रॅमचा वेग वाढवत बसणाऱ्या पोरांबद्दल माझं मत बरीच वर्षं फारसं चांगलं नव्हतं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत ज्यांना मी संगणक जोडून दिले, त्यांत टॅलीवर काम करणारे कर सल्लागार आहेत, पतसंस्था आहेत, फ्लेक्सचे डिझायनर आहेत, लग्नाचं शूटिंग करून घरीच मिक्सिंग करणारे आहेत. यांतल्या एकानेही कधी ‘रॅम जरा पळव’ म्हणून सांगितलं नाही. सकाळी बटण दाबलं की मशीन चालू झालं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. म्हणून माझाही नियम साधा होता, बायोसमध्ये हात घालायचा नाही. खोक्यावर ३२०० लिहिलंय आणि मशीन २४०० वर चालतंय, तर चालू दे. गिऱ्हाईकाला फरक कळत नाही आणि मला रात्री फोन येत नाही.

आज मी तसं करत नाही. गिऱ्हाईकाचं काम बघून वेग वाढवूनही देतो. आणि ‘डिस्प्ले येत नाही’ हे शब्द ऐकले की पूर्वी जो पोटात गोळा यायचा तो आता येत नाही. उलट वेग वाढवल्यावर ज्याला पहिल्याच फटक्यात डिस्प्ले येतो, त्या मशीनकडे मी जास्त संशयाने बघतो.

निमित्त झालं लासुर्ण्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाचं. मुलगा बारामतीत इंजिनिअरिंगला. मशीन रायझन ५ ५६००जी, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्र काढण्याचं काम प्रोसेसरच करणार. त्याने रॅम ३६०० वर नेली, टायमिंगचे आकडे कुठल्याशा व्हिडिओतून उतरवून घेतले, सेव्ह केलं, आणि स्क्रीन काळी. कुणीतरी बोर्ड गेला म्हणून सांगितलं, नव्या बोर्डाचा भावही काढून दिला. वडील कॅबिनेट पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन आले. ‘बोर्ड गेलाय म्हणत्यात, खरंय का?’ मुलगा मागे मान खाली घालून उभा.

पंखे फिरत होते, दिवे लागत होते, चित्र नव्हतं. बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. त्यांतला डीरॅमचा दिवा लागून राहिला होता. म्हणजे बोर्ड जिवंत होता आणि आपण कुठे अडलोय तेही सांगत होता. ज्यांच्या बोर्डावर हे दिवे नाहीत त्यांनी स्वस्तातला बीपर लावून आवाज ऐकावा. तेवढ्यानेही अर्धं निदान होतं.

आपल्याकडे डिस्प्ले गेला की पहिला उपाय ठरलेला, रॅम काढायची, खोडरबर घासायचा, परत बसवायची. बऱ्याचदा डिस्प्ले येतोही, आणि श्रेय रबराला जातं. माझ्या मते काम रॅम काढून नीट बसवण्याने होतं. रबराने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि भुगा स्लॉटमध्ये पडतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं. या मशीनला मात्र त्यातलं काहीच लागणार नव्हतं, कारण मळ बसला नव्हता, आकडा बसला नव्हता.

बायोसमधल्या सेटिंग्ज बोर्ड वीज गेल्यावरही लक्षात ठेवतो. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये घड्याळाच्याच चिपमध्ये थोडी मेमरी होती आणि बॅटरी तिला जागी ठेवायची. ती पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. आज ते काम सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल करतो. म्हणून सेटिंग्ज पुसायच्या तर वायर काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवायची, सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबायचं. काही नव्या बोर्डांवर सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्येही असतात. तिथे सेल काढून भागत नाही, सेटिंग्ज पुसणाऱ्या ‘क्लिअर सीमॉस’ नावाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडाव्या लागतात. त्यांची जागा बोर्डाच्या पुस्तकात असते, आणि ते पुस्तक आपण खोक्यासकट रद्दीत घातलेलं असतं.

मग एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. दुसराच का, हे मी वर्षानुवर्षं सवयीने करत होतो. त्या मुलाने विचारलं तेव्हा नीट सांगावं लागलं. बहुतेक बोर्डांवर एका चॅनलची तार आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढे लांबच्या स्लॉटला जाते. रॅम जवळच्या स्लॉटमध्ये घातली तर पुढचा रिकामा तुकडा लोंबकळत राहतो, सिग्नल त्याच्या टोकाला आपटून परत येतो आणि वेग वाढला की गोंधळ घालतो. शेवटच्या स्लॉटमध्ये रॅम असली की तार तिथेच संपते.

डिस्प्ले आला. वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि कॅबिनेट उचलायला पुढे झाले. मुलगा जागचा हलला नाही. ‘पण गेला का होता, सर? त्या व्हिडिओवाल्याचं तर चाललं होतं.’

तोवर माझ्याकडे आलेल्यांना दुरुस्ती हवी असायची, कारण कुणालाच नको असायचं. मी त्याला विचारलं, शेजाऱ्याच्या वावरातला खताचा डोस माती परीक्षण न करता आपल्या उसाला टाकला तर काय होईल? लासुर्ण्याच्या पोराला आणखी काही सांगावं लागलं नाही. रॅमवरच्या चिपा एका कारखान्याच्या, एका दिवसाच्या असल्या तरी सारख्या निघत नाहीत. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलरही प्रत्येकाचा वेगळा. दुसऱ्याचा आकडा ही फार तर सुरुवात.

त्यानंतर मी स्वतःच्या मशीनवर हा नाद केला. तेव्हा दिसलं की ज्याला मी उनाडपणा म्हणत होतो तो बराचसा हिशेब आहे. रॅमवर एक छोटी चिप असते, तिच्यात चालण्याचे आकडे लिहिलेले असतात. बोर्ड सुरू होताना ती वाचतो आणि सगळ्यात सुरक्षित आकडा उचलतो. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये असतो. इंटेलने ती पद्धत २००७ मध्ये आणली. एएमडीची तशीच एक्सपो २०२२ मध्ये आली. डीडीआर४ रॅमचं नेहमीचं व्होल्टेज १.२, एक्सएमपीला बहुधा १.३५ लागतं. कंपन्यांच्या लेखी हेही ओव्हरक्लॉकिंगच, आणि वॉरंटीवर त्याचा परिणाम होऊ शकतो असं दोघीही सांगतात. म्हणजे जो आकडा वाचून गिऱ्हाईक पैसे मोजतं, तो चालू करून देणं माझ्या नियमात बसत नव्हतं. हे मला तोपर्यंत खटकलं कसं नाही, कोण जाणे.

फायदा किती? टॅलीला शून्य. सातबारा छापायला शून्य. पण ५६००जीसारख्या प्रोसेसरला चित्रासाठीही हीच रॅम वापरावी लागते, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. आणि सगळ्यात मोठा फरक ओव्हरक्लॉकिंगने पडतच नाही, तो एकाऐवजी दोन रॅम लावल्याने पडतो. २६६६ च्या दोन रॅम मिळून सेकंदाला सुमारे ४२.६ जीबी वाहतात, ३६०० ची एकटी २८.८. आपल्याकडे ‘एकच १६ ची घ्या, पुढे वाढवता येईल’ असं सांगून विकतात. मीही तसंच विकत असे. आता आठ-आठच्या दोन देतो.

तरी वेगाच्या बाजूने मी पूर्ण झुकलेलो नाही, आणि त्याचं कारण मे महिना. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळका कपॅसिटर. तो रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरावा लागतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी. चिप तापली की गळती वाढते, म्हणून ८५ अंशांच्या वर हेच काम दुप्पट वेळा करावं असं मानक सांगतं. डिसेंबरात भिगवणकडे फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, तेव्हा पास झालेली सेटिंग पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्यात नापास होऊ शकते. नापास झाल्यावर दरवेळी स्क्रीन काळी होते असं नाही. एखादा बिट शून्याचा एक होतो आणि संगणक काही बोलत नाही. झिप फाइल उघडत नाही, लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांच्या मधेच हिरवा पट्टा येतो, विंडोज पुन्हा पुन्हा टाकावी लागते. दोष हार्डडिस्कला, व्हायरसला, कधी लाइटच्या चढउताराला दिला जातो.

माझं मत पालटलं ते मुख्यतः इथे. डिस्प्ले न येणं हा साधा नकार आहे. त्यात कुणाचा डेटा जात नाही, सेटिंग्ज पुसल्या की मूळ आकडे परत. खरं नुकसान करते ती सेटिंग, जी डिस्प्ले देते आणि आतून फाइली नासवते. ‘बायोसमध्ये हात नको’ असं सांगून मी गिऱ्हाईकांना काळ्या स्क्रीनपासून वाचवत होतो, आणि तीच त्यातली सगळ्यात कमी धोक्याची गोष्ट होती.

तो मुलगा शेवटी ३२०० वर थांबला. टायमिंगचे आकडे बदलल्यावर ३६०० त्याच्या मशीनला झेपतंय असं वाटतही होतं, पण मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवल्यावर पहाटे एक एरर दिसली. पोराने स्वतः होऊन खाली आणलं. डिस्प्ले तर व्यवस्थित येत होता.

नव्या डीडीआर५ मशीनवाल्यांनी आणखी थोडा धीर धरावा. रॅम बदलल्यावर किंवा वेग वाढवल्यावर बोर्ड तिची जुळवणी करत काही मिनिटं काळी स्क्रीन ठेवू शकतो, मधे स्वतःच बंद होऊन चालूही होतो. त्याच वेळी घाबरून वायर ओढणारे लोक मी पाहिलेत. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डालाच लावली आहे ना, हेही एकदा बघा. हसू नका, हे फार वेळा निघतं.

तुमच्या मशीनमध्ये एक्सएमपी चालू असेल तर या उन्हाळ्यातली एक रात्र मेमटेस्टला द्या, आणि एक जरी एरर आली तरी वेग एक पायरी खाली आणा. डिस्प्ले गेला म्हणून कुणी नवा बोर्ड घ्यायला सांगितलं, तर पैसे मोजण्याआधी त्याला तुमच्यासमोर सेल काढून किंवा त्या दोन पिना जोडून बघायला लावा.