वेस्नॉथ खेळावं का? खेळावंच!

"मामा, हा गेम फुकट हाये, नेट बी नाही लागत. खेळून तं पाहा!" असं म्हणून भाच्यानं आपला जुना लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. पडद्यावर ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ अशी अक्षरं उमटली आणि तेव्हापासून मी आमच्या तेल्हारा गावात भेटेल त्याला याच खेळाबद्दल सांगत सुटलो आहे. ‘वेळ घालवण्याइतकं त्यात आहे तरी काय?’ असं लोक विचारतात. खूप आहे!

हा पाळीपाळीनं खेळायचा युद्धाचा डाव. आधी तुम्ही तुमची सगळी फौज हलवायची, मग समोरच्यानं त्याची. एकट्यानं खेळताना घड्याळ मागं लागत नाही. एका चालीवर अर्धा तास विचार करा, मध्येच उठून जेवून या, डाव तिथंच उभा असतो. दर पाळीला तो आपोआप जतन होतो, म्हणजे लाइन गेली तरी मोहीम बुडत नाही. पट षट्कोनी घरांचा आणि त्यावरचं जग अद्भुताचं: एल्फ, ऑर्क, बुटके ड्वार्फ, आग फेकणारे जादूगार, कबरीतून उठलेले सांगाडे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ज्यांनी लहानपणी रात्र जागून वाचली, त्यांना इथं परकं वाटायचं कारणच नाही.

डेव्हिड व्हाइट या प्रोग्रामरनं २००३ साली याची पहिली आवृत्ती काढली. सेगाच्या यंत्रावरचे ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर्स’ आणि ‘वॉरसाँग’ हे जुने खेळ त्याच्या डोळ्यांपुढं होते. मग जगभरातून चित्रकार, संगीतकार, लेखक आपणहून येऊन मिळाले. आजही याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. जाहिरात नाही, पुढची पातळी उघडायला पैसे भरा ही भानगड नाही. लोकांनी हौसेनं एवढं मोठं काम उभं करून फुकट वाटावं, याचंच मला अजून नवल वाटतं!

पण मला खरं वेड लावलं ते इथल्या जमिनीनं. गवताळ सपाटी, जंगल, टेकडी, डोंगर, दलदल, उथळ पाणी, गाव, किल्ला अशी घराघराची जमीन वेगळी, आणि शिपाई कुठं उभा आहे यावर त्याचं जगणं-मरणं ठरतं. माणसांच्या फौजेतला साधा शिपाई सपाटीवर असेल तर त्याच्यावरचा प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६० टक्के. तोच डोंगरावर चढला की ४०. दलदलीत उतरला की थेट ८०! घोडेस्वार झाडीत अडखळतो, एल्फ त्याच झाडीतून सुसाट जातो. आम्ही तेल्हाऱ्याची माणसं उत्तरेला सातपुडा बघत मोठी होतो. दक्षिणेला काळी सपाटी पूर्णेकडं उतरत जाते. नरनाळा किल्ल्याची चढण चढून महाकाली दरवाजासमोर धापा टाकत उभा राहिलेला माणूस हे आकडे एका नजरेत समजतो. किल्ला तिथंच का बांधला, हे त्याच्या पायांनी त्याला आधीच सांगितलेलं असतं.

आणि नशीब! बुद्धिबळात नशिबाला जागाच नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बटुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या घरातला पट पुन्हा बाहेर निघाला, आणि तो खेळ मोठाच आहे. सारीपाटात मात्र फाशांचं राज्य. वेस्नॉथमध्ये हे दोन्ही एकाच पटावर भेटतात. साध्या भालाईताचे एका हल्ल्यात तीन वार, प्रत्येक वार ७ चा. माणसांच्याच फौजेतला शत्रू सपाटीवर असेल तर तिन्ही वार वाया जाण्याची शक्यता ६.४ टक्के. शत्रू डोंगरावर असेल तर तीच २१.६. हा हिशेब खेळ हल्ल्याआधी तुमच्यासमोर मांडून दाखवतो, काही लपवत नाही, आणि मग फासा पडायचा तसा पडतो. तिन्ही वार हुकले की पुष्कळजण वैतागून खेळ सोडतात. मला तर इथंच त्याची खरी गोडी लागली. मृगाच्या भरवशावर कपाशी लावणाऱ्याच्या हातात पाऊस नसतो, कोणत्या वावरात किती बियाणं घालायचं हे असतं. तसाच हा डाव. भालाईत हुकला तर त्याच्यामागं कोण उभा आहे? हा प्रश्न ज्यानं आधी विचारून ठेवला, तोच टिकतो.

त्यात दिवस-रात्रीचं चक्र आहे, सहा पाळ्यांचं: पहाट, दिवसाच्या दोन, संध्याकाळ, रात्रीच्या दोन. भालाईत, घोडेस्वार, जादूगार यांचा वार दिवसा २५ टक्के जोरात आणि रात्री तेवढाच कमजोर. ऑर्क आणि सांगाड्यांचं नेमकं उलट. म्हणून दिवस कलला की मागं सरायचं, जखमींना गावात न्यायचं (गावात थांबलेल्याचा जीव दर पाळीला ८ नं भरतो) आणि पहाट फुटली की तुटून पडायचं! सांगाड्यांवर तलवार-भाला फारसा चालत नाही, त्यांना गदा नाहीतर आग लागते. हे कळल्यावर जादूगाराला पुढं आणताना अंगात काय संचारतं, ते खेळल्याशिवाय कळायचं नाही.

भालाईत १४ सोन्यात मिळतो. लढत लढत त्याला अनुभव येतो, तो वरच्या दर्जाला चढतो, पुढच्या लढाईत २० सोनं देऊन त्यालाच परत बोलावता येतं. पण मेला तो कायमचा गेला. प्रत्येकाला नाव असतं, त्यामुळं जीव गुंततो, आणि एक घर पुढं जाण्याआधी माणूस थांबतो. विचार करायला लावणारा खेळ म्हणतात तो हा!

उणं सांगायचं तर चित्रं साधी आहेत, आणि संगणक फार उतावळा, पुढचा-मागचा विचार न करता अंगावर येतो. त्यावर तोड म्हणजे दोघांनी एकाच लॅपटॉपवर समोरासमोर खेळणं. तीही सोय आहे. नवख्यानं सुरुवात ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ या छोट्या मोहिमेनं करावी. माघ्रे नावाच्या गावावर दुष्ट जादूगाराचं संकट येतं. गावातला भाऊ जादू जाणणारा, त्याच्या हाकेला धावून येणारा भाऊ लढवय्या. खेळाचे सगळे कायदे त्या गोष्टीतच हाताला लागतात.

आणि शेवटची सोय तर माझ्या मते सगळ्यांत मोठी: खेळाच्या आतच नकाशा काढायची साधनं आहेत! मी नि भाचा सध्या आपला मुलूख काढतोय. वर सातपुड्याच्या रांगा, त्यातून वाण नदी खाली आणली, वारी भैरवगडाला धरणामागचं खोल पाणी, उजवीकडं डोंगरात नरनाळा, खाली हिवरखेड, अडगाव, तेल्हारा अशी गावं. नरनाळ्यात बालेकिल्ल्याचं घर टाकलं तर तिथं बसणारा फार बळजोर होतो, असं भाच्याचं म्हणणं. मी म्हणतो, होऊ दे. किल्ला तसाच आहे. तरी खालची गावं ज्याच्या हाती, सोनं त्याच्याकडं. उद्या पहिला डाव: तो डोंगरात एल्फ घेऊन, मी सपाटीवर घोडदळ घेऊन.