ड्राबाचा त्रिशूळ

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘स्पार्टाकस’मधला (१९६०) एक प्रसंग अंगावर येतो. लाकडी खोक्यासारख्या कोठडीत स्पार्टाकस आणि ड्राबा हे दोन ग्लॅडिएटर समोरासमोर बसलेत, आपल्या पाळीची वाट बघत. बोलत कुणीच नाही. मग रिंगणात ड्राबा स्पार्टाकसला नमवतो, पण मारत नाही. त्रिशूळ भिरकावतो तो थेट वर बसलेल्या रोमन बड्यांच्या दिशेनं!

रिडली स्कॉटच्या ‘ग्लॅडिएटर’मधलं (२०००) कलोसियम डोळे दिपवतं, रसेल क्रो जीव ओतून काम करतो. तरी लढाई उरते ती एका सेनापतीच्या सूडाची.

हा सेनापती मॅक्सिमस काल्पनिकच. तो ज्याच्यावर सूड उगवतो त्या सम्राट कमोडसला प्रत्यक्षात इ. स. १९२मध्ये नार्सिसस नावाच्या मल्लानं गळा दाबून मारलं. स्पार्टाकसचं बंड मात्र खरोखर पेटलं होतं. ते मोडल्यावर सुमारे ६,००० बंडखोर आपियन रस्त्यालगत क्रुसावर चढवले गेले. पारडं कुब्रिककडे झुकतं, ते मुख्यतः ड्राबामुळे.