चोर्ल्याची वाट आणि गाडीची उंची

बेळगावहून गोव्यात उतरण्याच्या नेहमीच्या वाटा तीन : आंबोलीची, चोर्ल्याची आणि अनमोडची. त्यांपैकी चोर्ल्याची वाट पणजीला सर्वांत जवळची आणि बेळगावकरांच्या सोयरसंबंधांत सर्वाधिक गुंतलेली. साखळी-डिचोलीकडच्या कितीतरी लेकी बेळगावात नांदत आहेत, आणि बेळगावच्या लेकी तिकडे. त्यामुळे ही वाट केवळ पर्यटकांची नव्हे. ती माहेरची वाट आहे. पिरनवाडीला उजवीकडे वळले की किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी अशी गावे मागे पडतात, आणि कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तीन राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात त्या सह्याद्रीच्या माथ्यावरून रस्ता केरीकडे उतरू लागतो.

या रस्त्यावरून वर्षानुवर्षे जाणाऱ्यांना त्याचे सौंदर्य ठाऊक आहे. तो रस्ता गाडीच्या चाकांना काय सांगतो, हे मात्र आपण सहसा ऐकत नाही. ते ऐकण्याचा योग आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे आला, आणि त्यातून हाती लागलेला विचार वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

या तरुणाजवळ पोलो जीटी ही मोटार आहे. अशा गाड्यांना शौकीन मंडळी ‘हॉट हॅच’ म्हणतात. दिसायला चार माणसांच्या कुटुंबाची आटोपशीर गाडी, पण अंगात शर्यतीच्या घोड्याचा जीव, असा हा प्रकार. फोक्सवागन कंपनीने १९७६ साली गोल्फ जीटीआय विक्रीस आणली आणि या जातीला जगभर लोकप्रियता मिळाली. त्याच घराण्यातील पोलो २००९ ते २०२२ या काळात पुण्याजवळ चाकणला तयार होत होती. २०१३ साली आलेल्या जीटी टीएसआयचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण शक्ती १०५ अश्वबलाची. उत्पादन थांबले तरी या गाडीवरचे तरुणांचे प्रेम ओसरलेले नाही.

या तरुणाने गाडी पस्तीस मिलिमीटर खाली घ्यायचे ठरविले होते. “सर, पुण्यातल्या माझ्या मित्राने आखूड स्प्रिंगा बसवल्या आहेत. वळणावर गाडी जराही कलत नाही,” असे तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. त्याच्या मातोश्री शेजारीच बसल्या होत्या. त्यांचे माहेर साखळीचे. वृद्ध आई अद्याप तेथे आहे, आणि यांना स्वतःला कंबरेचे जुने दुखणे. त्या म्हणाल्या, “सर, मला गाडीतले काही कळत नाही. पण हा म्हणतो तसे केल्यावर मी आईकडे जायचे कसे, तेवढे त्याला विचारा.”

प्रश्न साधा होता, आणि सगळे मर्म त्यातच होते. मी मराठीचा अध्यापक. यंत्रविद्येत मला अधिकार नाही. म्हणून आम्ही उद्यमबागेतील एका अनुभवी मिस्त्रींकडे गेलो. बेळगाव हे ओतकामाचे आणि हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्हच्या कारखान्यांचे गाव असल्यामुळे, बंद नळीतील तेल कसे वागते हे येथल्या कारागिराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मिस्त्रींनी आधी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांतील भेद सांगितला. चाक खड्ड्यातून वर उसळते तेव्हा स्प्रिंग दबते आणि तो धक्का स्वतःत साठवून ठेवते. साठवलेले ती परत करणारच. तो तिचा धर्म आहे. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ झोके घेत राहील. तो झोका आवरण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून जबरीने ढकलले जाते, आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत जिरून जाते. एक साठविणारा, दुसरा जिरविणारा. म्हणून ही जोडी एकमेकांना शोभेल अशीच निवडावी लागते. ताठ स्प्रिंग आणि जुना, थकलेला शॉक यांचा संसार सुखाचा होत नाही.

गाडी खाली घेण्याचा लाभ काल्पनिक नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार कमी होतो. तो किती कमी होतो, हे मात्र पाहावे. गुरुत्वमध्य जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटर उंच धरला आणि तो तीन सेंटिमीटर खाली आणला, तर भाराचे सरकणे जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घटते. वळणावरचा खंबीरपणा जाणवतो तो बव्हंशी स्प्रिंगच्या ताठरपणामुळे. उलट, गाडी प्रमाणाबाहेर खाली गेली की पुढील चाकांचे खालचे दांडे आडव्या रेषेच्या वर कलतात, चाकांचे कोन बदलतात, टायर एका कडेने झिजतात, आणि ज्या कलण्याला आळा घालायचा तेच काही अंशी वाढू शकते.

एका गोष्टीबाबत मिस्त्रींचा स्वर कडक झाला. मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा गॅसकटरने कापून गाडी खाली बसवून देणारे लोक सर्वत्र आहेत. सहा कार्यक्षम वेढ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग सुमारे वीस टक्क्यांनी ताठ होते; परंतु ज्योतीच्या आचेने तेथील पोलादाचे पाणी उतरते, आणि चाक पूर्ण खाली लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या जागेतून निसटण्याचा संभव राहतो. “पैसे वाचतात, पण माणूस वाचेलच असे नाही,” इतकेच ते म्हणाले.

मग त्यांनी एक सोपी युक्ती केली. पोलोच्या मागील बाजूस स्प्रिंग व शॉक वेगवेगळे असतात. तेथील शॉकच्या दांड्यावर त्यांनी प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी आवळून बसविली. शॉक दबला की नळीचे तोंड त्या पट्टीला वर ढकलते; शॉक परत उघडला तरी पट्टी जागेवरच राहते. वरच्या टोकाला रबराचा टेकू असतो. पट्टी आणि तो टेकू यांमध्ये जेवढे अंतर उरेल, तेवढीच गाडीची शिल्लक. “आता साखळीला जाऊन या, आणि रस्त्यालाच विचारा,” असे सांगून त्यांनी आम्हांला निरोप दिला.

नोव्हेंबरातील एका सकाळी आम्ही निघालो. पाऊस सरून महिना लोटला होता, तरी शिवारात ओल होती. मातोश्री मागच्या आसनावर पाठीशी उशी घेऊन बसल्या होत्या, आणि सामानात आईसाठी घेतलेला कुंदा होता. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली तेव्हा पाण्यावर धुके तरंगत होते. जांबोटीला चहासाठी थांबलो. मुलाने वाकून टेप लावला : टेकूपर्यंत अद्याप छत्तीस मिलिमीटर शिल्लक होते. त्याचा चेहरा खुलला.

जांबोटीनंतर झाडी दाट होते आणि पावसाने सोलवटलेला रस्ता सुरू होतो. सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस कसा कोसळतो हे बेळगावकरांना सांगायला नको. डांबराखाली मुरलेले पाणी जड वाहनांच्या चाकांखाली दाबले जाते, खडी सुटते, आणि खड्ड्याला धार येते. अशा धारेवर चाक सावकाश चढत नाही, एकदम आपटते. दोन-तीन वेळा मातोश्रींनी पुढच्या आसनाचा आधार घट्ट धरला. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो. मलप्रभेचा उगम येथलाच. येथून निघालेले पाणी पूर्वेला कृष्णेला मिळते, आणि थोडे पलीकडे पडलेला पाऊस म्हादईतून पश्चिमेच्या समुद्राला जातो. दर्शन झाल्यावर पुन्हा टेप लागला. शिल्लक अठरा मिलिमीटर.

त्याने पट्टी मूळ जागी सरकविली आणि आम्ही घाट उतरलो. वळणामागून वळणे आली, खाली अंजुणे धरणाचे पाणी चकाकले. गाडी बाहेरच्या अंगाला कलत होती, तरी चाके रस्ता सोडीत नव्हती. केरीला मोजले तेव्हा बेचाळीस मिलिमीटर शिल्लक होते! ज्या वळणांसाठी गाडी खाली घ्यायची होती, त्यांनी पट्टी फारशी हलविलीच नव्हती. तिला वर ढकलले होते ते सरळ रस्त्यावरच्या खड्ड्यांनी.

तो बराच वेळ गप्प राहिला. हिशेब त्याला मांडून दाखवावा लागला नाही. गाडी पस्तीस मिलिमीटर खाली असती, तर कणकुंबीच्या अलीकडचा तो धक्का अठरा मिलिमीटर शिल्लक ठेवण्याऐवजी सतरा मिलिमीटर रबरात घुसला असता. नवी स्प्रिंग ताठ असल्याने त्यातील काही अंतर वाचले असते, हे खरे. परंतु आठ सेंटिमीटरच्या वावात स्प्रिंग जितका धक्का पेलते, तितकाच पाच सेंटिमीटरमध्ये पेलायचा तर ती अडीच पटींहून अधिक ताठ हवी. आणि बाजारातील आखूड स्प्रिंगा इतक्या ताठ नसतात. उरलेला धक्का रबर, पत्रा आणि माणसाचा कणा यांच्या वाट्याला येतो.

गतिरोधकांचा विचारही करावा लागतो. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सौम्य उताराचा असावा. गावोगावी आढळणारे उंचवटे या मापाचे असतातच असे नाही. सुमारे १६५ मिलिमीटर मोकळीक असलेली गाडी चार माणसे व सामान घेऊन आधीच खाली बसते. त्यातून आणखी पस्तीस वजा करणे म्हणजे प्रत्येक गावाच्या वेशीवर पोट घासून घेणे.

कायद्याची बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर बंधन घालते, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. तेव्हा हौसेला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोन्हींकडे लेखी विचारणा करावी, हे उत्तम.

मग निवड काय करावी? मूळ उंचीसाठी घडविलेले आणि आखूड स्प्रिंगेसाठी घडविलेले, असे शॉकचे दोन वेगळे प्रकार मिळतात. बिलस्टाइन या जर्मन कंपनीच्या मालिकेत पहिल्याला बी-६ व दुसऱ्याला बी-८ म्हणतात. गुळगुळीत हमरस्त्यावर एकट्याने फिरणाऱ्याने, परवानगीची खात्री करून, वीस-पंचवीस मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे आखूड शॉक असा एकत्रित संच घ्यावा. नुसत्या स्प्रिंगा कधीही घेऊ नयेत. आमच्या तरुणाने मात्र मूळ स्प्रिंगा तशाच ठेवल्या, उंची तीच ठेवली, आणि त्यांवर एका नळीचे, दाबाखालील नायट्रोजन असलेले शॉक बसविले. लांबवर खड्डे लागले की साध्या शॉकमधील तेल तापून फेसाळते व त्याची पकड सुटते. वायूच्या दाबाखाली तेल सहसा फेसाळत नाही. सोबत नवे रबरी टेकू आणि चाकांचे अलाइनमेंट. खर्च ठरविल्यापेक्षा कमीच आला.

संक्रांतीला मायलेक पुन्हा साखळीला जाऊन आली. संथ वेगात गाडी आता किंचित कडक लागते, हे मुलगा मान्य करतो; पण खड्ड्यानंतर ती एकाच झोक्यात स्थिरावते आणि वळणावर पूर्वीपेक्षा विश्वासाने चालते. मातोश्रींचा अभिप्राय अधिक नेमका आहे : “दणका कळतो, पण उचलून आपटत नाही.”

गाडी किती उंच असावी, हे दुसऱ्या गावच्या मित्राची गाडी पाहून ठरवू नये. आपण रोज कोणत्या रस्त्याने जातो आणि मागच्या आसनावर कोण बसते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ती उंची आधीच ठरलेली असते. उद्या जांबोटी-कणकुंबीचा रस्ता आरशासारखा झाला तर पुन्हा मोजावे आणि पुन्हा ठरवावे. त्यासाठी एक टेप, एक पट्टी आणि चोर्ल्याची एक खेप पुरेशी आहे.