उजव्या हाताला पाणी

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं माझ्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जुना एसएमपीएस उलटा करून लेबल वाचलं. “साडेचारशे वॅटचा आहे. नवं कार्ड यावर उठणार नाही.”

‘उठणार नाही’ हे शब्द परतीच्या लोकलमध्ये दादरपर्यंत मनात घोळत राहिले. विमानाबद्दल बोलावं तसंच बोलला होता तो.

खरं तर मी फक्त रॅम घ्यायला गेलो होतो. मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर 19 नोव्हेंबर 2024ला आला. त्याला किमान 16 जीबी रॅम लागते, 32 असावी अशी शिफारस आहे आणि सगळं मनाजोगतं दिसायला 64. माझ्याकडे आठ होती. रॅमपाठोपाठ ग्राफिक्स कार्ड आलं, कार्डासाठी एसएमपीएस, आणि कार्ड लांबीला मावेना म्हणून कॅबिनेटही. खिडकी बदलायला घ्यावी आणि भिंतच निघावी, तसं झालं.

रविवारी दुपारी जमिनीवर चादर अंथरून बसलो. जुन्या पंख्याच्या पात्यांवर धुळीचा मऊ राखाडी थर होता. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, मग रॅमची पट्टी खाचेत धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दोन्हीकडच्या कड्या ‘टक्’ करून मिटल्या. हा आवाज मला फार आवडतो.

सिम्युलेटरचा नाद मात्र कोल्हापूरच्या मामेभावाचा. 1998 साली त्याच्या घरी कॉम्प्युटर आला आणि मे महिन्याची अख्खी सुट्टी मी त्याच्या शेजारी स्टुलावर काढली. सिम्युलेटर सुरू केला की सेसना नेहमी एकाच ठिकाणी उभी असायची: शिकागोच्या मेग्ज फील्डवर. 1982च्या पहिल्या आवृत्तीपासून तशी रीतच होती. तोंड उत्तरेला, डाव्या हाताला शहर, उजव्या हाताला मिशिगन सरोवर. धावपट्टी जेमतेम 3,900 फूट. दादा म्हणायचा, “चुकलास तर उजवीकडं वळ, तिकडं आपटायला काही नाही.” इमारती म्हणजे ठोकळे, पाणी म्हणजे निळा कागद, आणि चित्र धक्के खात पुढं सरकायचं. तरी मुंबईचा समुद्र बघायच्या आधी मला शिकागोचा किनारा पाठ होता. जॉन हॅनकॉक टॉवरच्या काळ्या ठोकळ्याला वळसा घालून परत यायचं. आम्ही खाली उतरायला लागलो की नेमकी लाइट जायची, आणि पलीकडच्या खोलीतून मामी ओरडायची, “पडलं का रे विमान?”

मेग्जचा तो विमानतळ आता नाही. 30 मार्च 2003च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकमानं बुलडोझर आले आणि पहाटेपर्यंत त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. सोळा विमानं तिथंच अडकून पडली. जागा बागेला हवी होती, हे मला समजतं. पण रात्रीत उखडणं मला अजूनही पटत नाही. त्या धावपट्टीवर कधीही पाय न ठेवलेली किती माणसं तिथूनच उडायला शिकली होती!

नवं यंत्र रात्री साडेदहाला सुरू झालं. कोल्हापूर नाही, मुंबई नाही, मी आधी शिकागोच उघडलं. जवळच्या विमानतळावरून निघून किनारा गाठला. सरोवरावर संध्याकाळ होती, लाटांच्या कडा उजळलेल्या, आणि एकेका काचेत सूर्य वेगळा. इतकं सुंदर शिकागो मी पाहिलं नव्हतं. मेग्ज जिथं होतं त्या नॉर्दर्ली आयलंडवर पाचशे फुटांवर आलो. खाली गवत, वळणावळणाच्या पायवाटा. हात आपोआप उत्तरेला वळला.

दादाला फोन लावला. तो आता पन्नाशीचा आहे. झोपेतून उठला होता.

“मेग्जवर आहे दादा.”

“रनवे हाय का?”

“नाही रे. गवत आहे.”

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “आणि पाणी?”

“आहे की. उजव्या हाताला.”